समासात लिहू नये

सहावीच्या गणिताच्या वह्या तपासत होतो. एका वहीच्या समासात पेन्सिलीनं बारीक आकडे लिहिलेले होते: १, ४, ९, १६, २५, ३६. त्यांच्या खाली, मधल्या जागांत, ३, ५, ७, ९, ११. शेवटी एक प्रश्नचिन्ह. मी लाल पेनानं त्याखाली लिहिलं, 'समासात लिहू नये.' पानावरची दहाच्या दहा गणितं बरोबर होती. त्यांवर खुणा केल्या, 'छान' असा शेरा दिला आणि पुढची वही ओढली.

ते आकडे काय आहेत हे मला कळलं नाही असं नाही. लागोपाठच्या वर्गसंख्यांमधला फरक काढला की ओळीनं विषम संख्या येतात, हे गणिताच्या शिक्षकाला माहीत असतंच. पण त्या मुलीला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. तिचं तिला ते दिसलं होतं, आणि असं का होतं ते कळत नव्हतं, म्हणून प्रश्नचिन्ह. वर्षभरात तिनं मला विचारलेला तो एकच खरा प्रश्न, आणि मी उत्तरादाखल समासाचा नियम सांगितला. तीन-चार वर्षांनी दुसऱ्याच वर्गाला ठिपक्यांचे चौकोन काढून हीच गोष्ट दाखवत होतो. तीन बाय तीनच्या ठिपक्यांना खाली एक ओळ आणि बाजूला एक रांग जोडली की कोपऱ्यासकट सात ठिपके वाढतात आणि चार बाय चारचा चौकोन तयार होतो. दोन मिनिटांचं काम. तेव्हा एकदम ती वही आठवली. मुलगी तोवर शाळा सोडून गेली होती.

हुशार मुलं आम्हा शिक्षकांची लाडकी असतात असा समज आहे, आणि तो खोटा नाही. पाहुणे आले की आम्ही त्यांना पुढे करतो, स्पर्धांना पाठवतो, त्यांचं नाव फळ्यावर लिहितो. पण लाड वेगळे आणि शिकवणं वेगळं. माझं म्हणणं एवढंच आहे की वर्गातलं सगळ्यात हुशार मूल बहुतेक वेळा वर्गात काहीच शिकत नसतं, आणि हे कुणाच्या नजरेला येत नाही, कारण त्याला पैकीच्या पैकी मार्क पडतात. मार्क म्हणजे आमच्या शिकवण्याची पावती, असं आम्ही धरून चालतो. जे त्याला वर्ष सुरू व्हायच्या आधीच येत होतं त्याचे मार्क कुणाच्या खात्यावर जमा करायचे, हा प्रश्न कुणी विचारत नाही. आम्ही तर नाहीच नाही.

'त्याचं काय, तो आपलं आपण करेल.' हे वाक्य कुठल्याही स्टाफरूममध्ये ऐकायला मिळतं. म्हणणारा वाईट नसतो. उलट मागे पडलेल्या मुलांसाठी जीव तोडणारा शिक्षकच ते जास्त म्हणतो. वेळ मोजका, मुलं पुष्कळ, पोर्शन डोक्यावर. मग ज्याचं अडलंय त्याच्याकडे आधी जायचं, हा हिशेब सरळ वाटतो. गोम अशी की अडलंय की नाही, हे आम्ही उत्तर चुकलं का यावरून ठरवतो. ज्याचं कधी चुकत नाही त्याचं अडलेलं दिसणार कसं? आणि ज्याचं खरोखरच कधी काही अडत नाही, तो शिकत तरी काय असतो?

एकदा मी घड्याळ लावून पाहिलं. चाळीस मिनिटांचा तास, अपूर्णांकांची बेरीज. मी फळ्यावर आठवं गणित लिहीपर्यंत एका मुलानं आधीची सात संपवली होती. आठवं लिहून वळलो तर तेही झालेलं. त्यानंतर सव्वीस मिनिटं उरली. त्या वेळात त्यानं कर्कटकाच्या टोकानं खोडरबराचे बारीक तुकडे केले, त्यांचा ढीग लावला आणि मग एकेक तुकडा बाकाच्या फटीत सारत बसला. मध्येच शेजारच्याच्या वहीत डोकावून त्यानं मान हलवली. चूक दिसली असणार. पण बोलला नाही, कारण 'बोलू नकोस' हे त्याला आधीच सांगून झालेलं होतं. सव्वीस मिनिटं, रोजचा एक तास, शाळेचे वर्षातले दिवस. हा गुणाकार मी मुद्दाम केला नाही.

लीटा हॉलिंगवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यूयॉर्कमध्ये अशा मुलांबरोबर अनेक वर्षं काम केलं. १४० च्या आसपास बुद्ध्यंक असलेलं मूल नेहमीच्या वर्गात निम्मा वेळ वाया घालवतं आणि १७० च्या वरचं जवळजवळ सगळाच, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. बुद्ध्यंकाच्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नये या मताचा मी आहे, पण निम्मा वेळ हे त्यांचं निरीक्षण माझ्या खोडरबराच्या तुकड्यांशी जुळतं.

थोर जर्मन गणितज्ञ गाउस याच्या लहानपणची गोष्ट सगळे सांगतात. मास्तरांनी वर्गाला लांबलचक बेरीज घातली आणि या पोरानं क्षणात उत्तर लिहून पाटी टेबलावर ठेवली. गणित एक ते शंभरचं होतं ही नंतरची भर. त्याच्या मृत्यूनंतर लगेच निघालेल्या चरित्रात नुसतं अंकगणिती श्रेढीची बेरीज एवढंच आहे. ते जाऊ दे. मला त्या गोष्टीत मुलापेक्षा मास्तर जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि नेमकं त्याचंच पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही. ब्युटनर त्याचं नाव. ब्राउनश्वाइग गावातली शाळा, शंभरेक मुलं, मास्तरांच्या हातात चाबूक. मवाळ माणूस नव्हताच. पण या मुलाचं पाणी ओळखल्यावर त्यानं हॅम्बुर्गहून अंकगणिताचं वरच्या दर्जाचं पुस्तक मागवलं आणि त्याच्या हातात ठेवलं. शाळेतला मदतनीस बार्टेल्स, गाउसपेक्षा आठच वर्षांनी मोठा, या पोराबरोबर बसून गणिताची पुस्तकं वाचू लागला. हाच बार्टेल्स पुढे रशियात कझानला प्राध्यापक झाला आणि तिथे पुढे मोठा गणितज्ञ झालेला लोबाचेव्हस्की त्याच्याकडे शिकला. म्हणजे भूमितीचा चेहरामोहरा बदलणारी दोन माणसं ज्याच्या शेजारी बसून शिकली, तो मूळचा एका साध्या शाळेतला मदतनीस.

'ब्युटनरनं काही केलं नसतं तरी गाउस गाउसच झाला असता. खरा हुशार असतो तो वर येतोच.' हा युक्तिवाद इतक्या वेळा ऐकलाय की आता चिडही येत नाही. वर आलेल्यांकडे बोट दाखवून सगळे वर येतात असं म्हणणं म्हणजे पैलतीरावर उभ्या असलेल्यांना मोजून नदीत कुणी बुडत नाही असं ठरवणं. रामानुजन यांची कॉलेजातली शिष्यवृत्ती गेली, कारण गणितापुढे बाकीच्या विषयांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. पुढे त्यांनी इंग्लंडमधल्या गणितज्ञांना पत्रं पाठवली, इतरांनी दाद दिली नाही, आणि १९१३ मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांनी आपल्याला आलेलं पत्र कचऱ्यात टाकलं नाही, म्हणून आपल्याला त्यांचं नाव माहीत. ज्यांचं पत्र कचऱ्यात गेलं त्यांची गोष्ट सांगणार कोण?

आता जरा अवघड प्रश्न. आम्हाला ही मुलं मनापासून आवडतात का?

अब्राहम टॅननबॉम यांनी १९६२ मध्ये एक साधा प्रयोग केला. काल्पनिक विद्यार्थ्यांची वर्णनं लिहिली: हुशार किंवा साधारण, अभ्यासू किंवा अभ्यास न करणारा, खेळाडू किंवा खेळात नसलेला. मग अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना विचारलं, यातला कोण तुम्हाला आवडेल? हुशार, अभ्यासू आणि खेळात नसलेला तळाला गेला. मुलांचं हे एक वेळ समजू शकतं. पण १९८७ मध्ये हीच वर्णनं शिक्षकांपुढे आणि शिक्षक होऊ घातलेल्यांपुढे ठेवली गेली, तेव्हाही तळाला तोच होता. जर्मनीत बाउडसन आणि प्रेकेल या दोघींनी २०१३ मध्ये शिक्षकांच्या मनातलं चित्र तपासलं. मूल प्रज्ञावान आहे एवढं कळलं की ते एकलकोंडं असणार, भावनेनं कच्चं असणार, जमवून घेणारं नसणार, असं शिक्षक गृहीत धरत होते. अशी मुलं सरसकट बिघडलेली किंवा दुःखी असतात, असं प्रत्यक्ष अभ्यासांतून दिसलेलं नाही. म्हणजे हे चित्र मुलांवरून काढलेलं नाही, कुठून तरी उचललेलं आहे.

मी स्वतःकडे पाहतो तेव्हा मला वाटतं, यात नावडीपेक्षा भीतीचा भाग मोठा आहे. फळ्यावर समीकरण सोडवताना एकदा माझं चिन्ह चुकलं. मागून आवाज आला, 'सर, तिथे उणे पाहिजे.' मुलगा उद्धट नव्हता. आवाजही हळू होता. तरी माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. 'पाहत होतो कुणाचं लक्ष आहे' असं म्हणून मी वेळ मारून नेली. ही थाप इतकी जुनी आहे की बहुधा त्या मुलालाही ती ओळखू आली असावी. नंतर आठवडाभर मी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. ठरवून केलं नाही, आपसूक झालं. वर्गातला शहाणा माणूस मी, या एका समजुतीवर शिक्षकाचं वर्गातलं आसन टेकलेलं असतं. ते हलवणारं मूल आम्हाला आगाऊ वाटतं. 'अतिशहाणा' या शब्दाचा उच्चार आपण कोणत्या सुरात करतो ते आठवून पाहावं.

वेस्टबी आणि डॉसन यांनी १९९५ मध्ये शिक्षकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दाखवली. सर्जनशील मुलं आवडतात असं शिक्षक सांगत. मग त्यांना आपल्या सर्वांत आवडत्या आणि सर्वांत नावडत्या विद्यार्थ्याचे गुण विचारले. सर्जनशील मुलाच्या अंगी जे गुण असतात ते आवडत्यापेक्षा नावडत्याशी जास्त जुळले. सांगणारे खोटं बोलत नव्हते. त्यांच्या मनातला सर्जनशील मुलगा हा वेळेवर गृहपाठ आणणारा, विचारलं तरच बोलणारा असा कुणी तरी होता.

इथे मुद्दा नुसत्या आवडीनिवडीचा राहत नाही, कारण हुशार कोण हे आम्हीच ठरवतो. आणि 'हुशार' या शब्दात आम्ही काय काय कोंबलेलं असतं! अक्षर चांगलं, वही टापटीप, हात वर करून बोलणारा, घरी अभ्यास घेणारं कुणी तरी असलेला. यातलं काहीच बुद्धीचं लक्षण नाही. पेन्याटो आणि बर्च यांचा १९५९ चा अभ्यास या बाबतीत प्रसिद्ध आहे. एका शाळेत चाचणीनं ९१ मुलं प्रज्ञावान ठरली. शिक्षकांनी आपल्या मतानं १५४ नावं दिली होती, त्यांत या ९१ पैकी फक्त ४१ होती. निम्म्याहून जास्त निसटली. हा दाखला देऊन शिक्षकांना धोपटायची पुढे प्रथाच पडली. मग १९९४ मध्ये फ्रान्स्वा गान्ये यांनी हेच आकडे नव्यानं तपासले आणि शिक्षक इतर पद्धतींच्या मानानं एवढे वाईट पारखी ठरत नाहीत, असं दाखवलं. मला हे दोन्ही पटतं. आम्ही आंधळे नाही. आमची नजर एका ठरावीक दिशेला वळलेली आहे, इतकंच.

लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेला दीड हजारांवर मुलांचा अभ्यास तर सुरूच व्हायचा शिक्षकांपासून. वर्गातली सगळ्यात हुशार मुलं कोणती, ते शिक्षकांनी सांगायचं आणि मग त्यांची चाचणी. शिक्षकांना वर्गातल्या सगळ्यात लहान वयाच्या मुलाचंही नाव मागितलं होतं, आणि गंमत म्हणजे नुसत्या वयाच्या त्या नावातून प्रज्ञावान मुलं सापडायचं प्रमाण 'सगळ्यात हुशार' म्हणून दिलेल्या नावापेक्षा जास्त निघालं. चाचणीही काही ब्रह्मवाक्य नव्हती. पुढे नोबेल मिळवणारे शॉकली आणि अल्वारेझ या दोघांनाही तिनं बाहेर ठेवलं.

सगळ्यात बोलका दाखला फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड परगण्याचा. तिथे प्रज्ञावान मुलांच्या विशेष वर्गासाठी कुणाची तपासणी करायची हे शिक्षक आणि पालकांच्या शिफारशीवर ठरत असे. २००५ मध्ये त्यांनी दुसरीच्या सगळ्याच मुलांची प्राथमिक चाचणी घ्यायला सुरुवात केली. निकष तोच ठेवला. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी नंतर हिशेब मांडला, तर गरीब घरातल्या प्रज्ञावान मुलांचं प्रमाण १८० टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. हिस्पॅनिक मुलांचं १३० टक्क्यांनी, कृष्णवर्णीय मुलांचं ८० टक्क्यांनी. मुलं तीच, गावं तीच, रेघ तीच. फक्त आधी त्यांच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. पुढे पैशाची चणचण आली तेव्हा ही चाचणी गुंडाळली गेली, यावरूनही बरंच कळतं.

म्हणूनच 'हे सगळं बड्या घरच्या मुलांचं कौतुक आहे' या आक्षेपाला मी हसण्यावारी नेत नाही. विशेष वर्ग, विशेष शाळा, निवड परीक्षा हे सगळं बघता बघता पैसेवाल्यांचं कुंपण होऊन बसतं. टर्मन स्वतः वंशशुद्धीच्या कल्पनांचा पुरस्कर्ता होता, हेही लपवण्यासारखं नाही. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष उलटा असायला हवा. शाळेनं हुशार मुलाकडे दुर्लक्ष केलं तर श्रीमंताच्या मुलाचं काही बिघडत नाही. त्याला घरी पुस्तकं आहेत, शिकवणी आहे, बरोबर बसून डोकं खाजवणारे आईवडील आहेत. ज्याला शाळेखेरीज दुसरं काहीच नाही, त्याचं सगळं जातं. 'तो आपलं आपण करेल' हे वाक्य फक्त ज्याच्या घरी सगळं आहे त्याच्याच बाबतीत खरं ठरतं.

समतेच्या नावानं आणखी एक गोष्ट चालते, ती मला फार खटकते. लवकर गणितं झाली की हुशार मुलाला दुसऱ्याला शिकवायला बसवायचं. वर्गात मॉनिटर, तासात उपशिक्षक. अधूनमधून ठीक आहे. समजावून सांगताना आपलंही पक्कं होतं हे खरंच. पण रोज? ज्याला भागाकार येतो त्यानं वर्षभर भागाकारच समजावत राहायचं, आणि ज्याला येत नाही त्यानं आपल्याच वयाच्या पोराकडून 'एवढं कसं कळत नाही तुला' हे ऐकून घ्यायचं. दोघांचंही नुकसान, आणि मास्तरांची तेवढी सोय. मी ही सोय भरपूर वापरली आहे म्हणून सांगतो.

मग वर्षं वाया घालवण्यापेक्षा अशा मुलाला वरच्या वर्गात का बसवू नये? हा विषय काढला की स्टाफरूममधलं तापमान वाढतं. 'मोठ्या मुलांत ते बुजून जाईल', 'बालपण हिरावलं जाईल'. २००४ मध्ये अमेरिकेत आयोवा विद्यापीठातून एक मोठा अहवाल आला. अनेक दशकांचं संशोधन गोळा करून त्यानं सांगितलं की नीट पारखून पुढे नेलेल्या मुलांचा अभ्यास सुधारतो आणि सरसकट पाहता मनावर किंवा मैत्रीवर वाईट परिणाम दिसत नाही. आडवं येतं ते मुख्यतः शिक्षकांचं आणि शाळाचालकांचं मत. ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गणितात पुढे असलेल्या मुलांसाठी जे काम सुरू केलं, त्यातल्या मुलांचा पाठपुरावा अजून चालू आहे, आणि तोही याच बाजूनं बोलतो. तरी मी यावर फार जोर देणार नाही. अख्खी इयत्ता ओलांडणं थोड्याच मुलांसाठी, आणि एका विषयापुरतं वरच्या वर्गात जाऊन बसणं त्याहून कितीतरी जास्त मुलांसाठी. दुसऱ्यात तर वेळापत्रक जुळवण्यापलीकडे काही लागत नाही. पण वेळापत्रक जुळवणं हे शाळेत अवकाशशास्त्रापेक्षा अवघड असतं, हेही खरं.

बालपण हिरावण्याबद्दल एकच विचारतो. खोडरबराचे तुकडे करत सव्वीस मिनिटं काढणं, हे कोणतं बालपण?

यातला सगळा दोष शिक्षकाच्या माथी मारायचा नाही. आम्हाला मागे पडलेल्या मुलाला कसं शिकवावं याचं थोडंफार प्रशिक्षण मिळतं. पुढे गेलेल्या मुलाचं काय करावं याचं, मला तरी, अवाक्षर शिकवलं गेलं नाही. तपासायला येणारे अधिकारी नापास किती ते विचारतात. वर्गात ज्यांना काही नवीन मिळालं नाही अशी किती, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. जो प्रश्न विचारलाच जात नाही त्याचं उत्तर कोण तयार ठेवेल?

पण म्हणून हात बांधलेले आहेत असंही नाही. कनेक्टिकट विद्यापीठात जोसेफ रेन्झुली आणि सॅली रीस यांनी एक पद्धत बसवली: धडा सुरू करायच्या आधीच त्याची परीक्षा घ्यायची. ज्याला येतं त्याला ते पुन्हा शिकवायचं नाही, वाचलेल्या वेळात दुसरं काही द्यायचं. १९९३ मध्ये आलेल्या त्यांच्या मोठ्या अभ्यासात शिक्षकांनी अशा मुलांचा चाळीस ते पन्नास टक्के अभ्यासक्रम वगळला, आणि परीक्षेत ही मुलं कुठेही खाली आली नाहीत. निम्मा अभ्यासक्रम! हॉलिंगवर्थबाईंचा 'निम्मा वेळ' पुन्हा इथे भेटतो.

मी याचं एक गबाळं रूप दोन वर्षं चालवतो आहे. स्वाध्यायातली शेवटची पाच, म्हणजे सगळ्यात अवघड, गणितं आधी सोडवा. पाचही बरोबर आली तर आधीची पंधरा माफ. ही मुभा सगळ्या वर्गाला. हुशार कोण हे मी ठरवत नाही, गणितं ठरवतात. पहिल्याच महिन्यात माझ्या यादीत कधीच नसलेला एक मुलगा त्यात निघाला. वही फाटकी, अक्षर म्हणजे मुंगी शाईत बुडून चाललेली. त्याला शेवटची पाच जमत होती, आणि पहिली पंधरा कंटाळ्यानं तो कधी पुरी करतच नव्हता. आधी मी त्याला दर आठवड्याला 'अपूर्ण' असा शेरा देत होतो.

माफी मिळालेल्यांसाठी मागच्या बाकावर एक पेटी ठेवली आहे, तिच्यात चिठ्ठ्यांवर प्रश्न. उत्तर मलाही लगेच येत नाही असे प्रश्न मुद्दाम घातले आहेत. हे लिहायला जितकं शूर वाटतं तितकं करताना वाटत नाही. दर आठवड्याला एकदा तरी 'मला माहीत नाही, उद्या पाहू' असं म्हणावं लागतं. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा वर्ग दोन सेकंद गप्प झाला. आता कुणी मान वर करूनही पाहत नाही.

जे मी धरलंच नव्हतं ते वेगळंच घडलं. आजवर एकदाही न चुकलेली एक मुलगी पेटीतल्या प्रश्नाला अडली आणि रडायला लागली. तिला वाटलं आपण आता हुशार राहिलो नाही. सहा वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून तिला हेच शिकवलं होतं की हुशार म्हणजे ज्याला लगेच येतं तो. अडणं म्हणजे काय, अडल्यावर करायचं काय, हे तिच्या शेजारी बसणाऱ्या, गणितात कच्च्या मुलाला तिच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी तिच्याबरोबर मधली सुट्टीभर बसलो. प्रश्न सुटला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ती अर्धं उत्तर घेऊन आली. तेही एका ठिकाणी चुकलेलं होतं, आणि कुठे ते शोधायला आम्हा दोघांना बराच वेळ लागला.

हे सगळं मी स्टाफरूममध्ये जरा फुशारकीनंच सांगितलं. शेजारच्या टेबलावर आमच्या एक ज्येष्ठ सहकारी उत्तरपत्रिका तपासत होत्या. माझ्यापेक्षा चांगल्या शिक्षिका. मागच्या बाकावरच्या मुलांना वर काढण्यात त्यांचा हात धरणारं आमच्या शाळेत कुणी नाही. सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, 'ते ठीक आहे हो सर. पण तीन दिवस बसून तिचं उत्तर अर्धवट, तेही चुकलेलं. प्रगतिपुस्तकात मार्क काय देणार?'

मी रकाना पाहिला. त्यात दोन आकडी संख्या लिहिण्यापुरती जागा होती.